आबांनी लॉन खुरपलं

ती. आईस, तुझ्या वांड कार्ट्याचा नमस्कार.

मी मजेत. तुझा गुडघा कसाय? आबांपुढं मात्र मी हात टेकले. खडकीजवळच्या कॉम्प्युटर कंपनीत त्यांना माळीकाम लावून दिलं, तर पहिल्याच दिवशी त्यांनी साहेबांचं नवंकोरं लॉन खुरप्यानं मुळासकट काढलं. वर साहेबांनाच म्हणाले, "एवढी हरळी माजू देता, लाज नाही वाटत?"

रविवारपर्यंत गवत परत लागलं नाही तर नोकरी गेली. आबा म्हणतात, "जन्मभर खणून काढली, ती माझ्या हातानं लावू?" अगं, खोड्या काढायचं काम माझं ना! आता मी पुढं गवत लावतो आणि ते मागून उपटतात.

काल दमून बसले आणि विचारलं, "दिगू, आपलं विकलेलं रान आता कोण खुरपतं रे?" तिथं कारखान्याचं काँक्रीट ओतलंय, हे तूच कळव त्यांना. माझ्यानं होत नाही.

तुझा,
दिगू