पडद्यामागची सावली

क्वा-थेमा,
रविवार संध्याकाळ

प्रिय बाबा,

तिकडे मफिकेंगला तुमचा खोकला कमी झाला असेल. इथे छताचा पत्रा मी नीट बसवला, आता गळत नाही. शनिवारी मोथोबीकाकांच्या कबरीवर बसवलेल्या नव्या दगडावरचं कापड काढायचा विधी आहे. जेवणाला मेंढी ठरली आहे. गाणी तुम्हीच सुरू करणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं आहे. हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहितो आहे. पहिलं फाडलं.

आज दुपारी काकांवरची फिल्म टीव्हीवर लागली. त्यांच्या संगीत नाटकांवर जीव टाकणारी जुनी मंडळी डिकेलेडी मावशीकडे दाटीवाटीने बसली होती. फिल्म विचित्रच आहे. काकांचा एकही फोटो नाही. एक रिकामी खुर्ची, त्यांची गाणी आणि एक पांढरा पडदा. बोलणारे सगळे पडद्यामागे, नुसत्या सावल्या. आवाजही यंत्राने जाड केलेले. रामोनो आजोबा भडकले, "माणूस कुठाय माणूस? खुर्चीचं काय लोणचं घालू?" मावशी म्हणाली, "जन्मभर फुकटात घुसलात नाटकाला, आता टीव्हीवाल्यांकडे तिकिटाचे पैसे परत मागा!" सगळे हसले. मीही हसलो.

मग एक सावली आली. तिने डावा हात कानामागे नेला, तोंड मिटून हलकेच एक सूर धरला, आणि मग बोलायला लागली. बाबा, गायकांना सूर देताना तुम्ही असंच करता. जेवायच्या टेबलावर काही गंभीर सांगायचं असलं तरी आधी असंच करता. मला लहानपणी त्याचं हसू यायचं. आज हातातला चहा सांडला.

ती सावली म्हणाली, काका लपले होते ते घर मीच गोऱ्या सरकारच्या पोलिसांना सांगितलं. माझी बायको आणि महिन्याचं पोर त्यांनी चौकीतल्या बाकावर बसवून ठेवलं होतं, मी सांगितल्यावर सोडलं.

त्याच घरातून काकांबरोबर मावशीच्या भावालाही नेलं होतं, आणि तो परत आला नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. मावशी रडली नाही. ती हळूच म्हणाली, "रामोनो, टेप केलंयस ना? परत लाव." आजोबांनी परत लावलं, पुन्हा लावलं. "बोलायच्या आधी सूर लावतोय हरामखोर," ते म्हणाले. "गाणारा आहे. आपल्यातलाच आहे." मावशीची मुलगी म्हणाली, "अहो, असल्या फिल्मवाल्यांचं काय खरं? नट आणून बसवला असेल." तिच्याकडे कोणी बघितलंही नाही. मग मावशी माझ्याकडे वळली. "लेफा, तुझा बाप शुक्रवारी येतोय ना? पन्नास गळ्यांतून चुकलेला एक गळा पकडतो तो. त्यालाच ऐकवू. तो लगेच ओळखेल."

मी हो म्हणालो, बाबा. दुसरं काय म्हणणार होतो? तेव्हापासून दाराबाहेर पाऊल वाजलं तरी वाटतं, त्यांना कळलं.

तुम्ही आलाच नाहीत तर त्यांना कळेल. आलात आणि कापड निघताना कानामागे हात नेलात, तरी कळेल. हात न नेता तुम्हाला गाणं सुरू करता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र उद्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, पोस्टावर भरवसा नाही. शुक्रवारी उतरलात की आधी माझ्याकडे या. मावशीने टेप लावायच्या आत आपण दोघं तिच्या दारात जाऊ. बोलायचं तुम्ही, उभा मी राहीन तुमच्या बाजूला. मला फार भीती वाटते, तरी राहीन. तुम्हाला तिथे एकट्याने पाठवणार नाही, कारण त्या चौकीतल्या बाकावरचं महिन्याचं पोर मीच होतो.

तुमचाच, वाट बघणारा,
लेफा