पोपटाचा भाग

लिंबायत, सुरत
१० नोव्हेंबर १९९५

ती. ललितदादा यास,
गायत्रीचा कृ. सा. न. वि. वि.

काल टीव्हीवर तुझं नाव येणार म्हणून अख्खी गल्ली आपल्या खोलीत जमली होती. आप्पांनी स्वतः शेजारच्या शोभाबाईंना बोलावलं, माझ्या पोरानं लिहिलेली शिरेल आहे म्हणाले.

मग पडद्यावर तो नवरा आला. बायकोशी न बोलणारा, सगळे निरोप पोपटाला सांगणारा. लोक पोट धरून हसत होते. पण भाकरी हवी म्हणून त्यानं ताटावर लोटी आपटली आणि शोभाबाई आप्पांकडे बघून पटकन बोलून गेल्या, अगंबाई, हे तर आपले पंडितभाऊ! सगळे गप्प झाले. आणि दादा, त्या शांततेत आई हसली. मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आप्पा उठले, चपला घातल्या आणि गेले. ते रात्री उधन्याला कारखान्यातच झोपले, असं त्यांच्याबरोबर कामाला असलेल्या निंबाकाकांकडून कळलं. तू मुंबईला गेलास, आईनं तुला जाऊ दिलं, त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलंय, हे तुला माहीत होतं. तरी लिहिलंस? तो पोपट म्हणजे मीच ना?

आई पुढं त्या बाईचं काय होतं, एवढंच सारखं विचारते. लवकर कळव. रागात लिहिलंय, तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
गायत्री


मुंबई
१३ नोव्हेंबर १९९५

चि. गायत्री हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. आपलं घर कोणी ओळखेल असं वाटलं नव्हतं. खरं सांगू? लिहिताना मलाही हसू येत होतं.

पुढच्या गुरुवारी ती बाई पिशवी भरून माहेरी निघून जाते. तो भाग थांबवा म्हणून हातापाया पडलो, पण चित्रीकरण झालंय. त्या दिवशी टीव्ही बिघडला म्हणून सांग. आईला तो बघू देऊ नकोस. आप्पांना कसंही करून घरी आण.

आईच्या पायांवर माझं डोकं ठेव. आणि तुला पोपट केल्याचा राग मनातून काढ, ही विनवणी.

तुझा,
ललित


अमळनेर
२० नोव्हेंबर १९९५

चि. ललित यास मायचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

मी राघोमामाकडे आली आहे. घाबरू नको, सुखरूप आहे.

गायत्रीनं टीव्ही बिघडल्याचं सांगितलं, मीच तो लावला. शिरेल सुरू होणार तेवढ्यात तुझे आप्पा दारात. आठ दिवसांची दाढी. गल्लीतले लोक उठू लागले तर त्यांनी हातानं बसवलं. सगळा भाग पाहिला. ती बाई उंबऱ्याबाहेर पडली तेव्हा कोणीच हसलं नाही.

मग सर्वांसमोर त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, तुलाही जायचं आहे का? पाच वर्षांनी मला उद्देशून आलेला पहिला शब्द. आवाज ओळखू येईना. मी सांगितलं, हो, जायचं आहे.

त्यांना वाटलं असेल, मी नाही म्हणेन.

सकाळी पिशवी त्यांनीच उचलली. उधना स्टेशनापर्यंत आम्ही पुढे-मागे चाललो. भुसावळची गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चालू लागले. म्हणाले, सरला, परत कधी येशील? दोनदा विचारलं.

मला ऐकू आलं होतं. मी दुसरीकडे पाहिलं.

गायत्रीला सांभाळून घे. वेळेवर जेव. तुझ्यावर माझा राग नाही.

तुझी माय,
सरला