नख अडकतं तिथे

आई,

तुझ्या खुणेचा एक कॅमशाफ्ट मला सापडला. आत्ता तो आपल्या ओट्यावर आहे, तू सोऱ्या ठेवायचीस त्या कोपऱ्यात, वर्तमानपत्रावर. बायकोने तो बघितला. एवढंच म्हणाली, "अहो, कागद जाड घाला खाली, तेल झिरपतंय."

गाडीपासून सांगतो. आपली तीच जुनी गाडी, तुला परळच्या हॉस्पिटलला नेत होतो ती. तुझ्यानंतर ती मी फार चालवली नाही, पण विकलीही नाही. या वर्षी तिच्या पासिंगची मुदत संपत आली आणि इंजिन धूर टाकायला लागलं. सोसायटीनेही सांगितलं होतं की चालत नसेल तर हलवा. पासिंग झालं नाही तर गाडी भंगारात जाणार, हे स्पष्ट होतं. म्हणून घाटकोपरच्या एका मिस्त्रीला इंजिन उघडायला दिलं. माझ्याच वयाचा, मालवणकडचा माणूस आहे. त्याने कॅमशाफ्टचा दांडा काढून माझ्यासमोर धरला, त्यावरच्या लोबच्या उंचवट्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, ह्याचे डोंगर गेले, नुसत्या टेकड्या राहिल्यात. व्हॉल्व्ह उघडायचे कोणी?" नवीन आता कोणी बनवत नाही. जुना, वापरलेला शोधायचा, एवढाच मार्ग. त्याने तो झिजलेला दांडा फडक्यात बांधून नमुना म्हणून माझ्याकडे दिला. "ह्या इंजिनाचे दोन प्रकार होते. दांड्यावर ओतलेला नंबर बघा, गिअर कुठल्या अंगाला आहे बघा, आणि पेट्रोल पंपाचा जादा लोब आहे की नाही ते बघा. बाकी सगळे भाऊ-भाऊच दिसतात." मी मान हलवली. हे सगळं मला घरातच ऐकून माहीत होतं, ते त्याला सांगितलं नाही.

तुझा मुलुंडचा कारखाना आता राहिलेला नाही. तिथे टॉवर आहे, खाली मुलांचा क्लास आणि औषधांचं दुकान. मी तिथून जातो तेव्हा तुमच्या तपासणीच्या टेबलाची जागा कुठे असेल याचा अंदाज घेतो, आणि तो दर वेळी वेगळा निघतो. टेबल मात्र मला नीट दिसतं. तू साडीवर खाकी एप्रन घालून उभी आहेस. उजव्या हातात बांगड्या नाहीत, त्या डब्याच्या पिशवीत काढून ठेवलेल्या. शेजारणी त्यावरून काय बोलायच्या ते तुला ठाऊक होतं. समोर दोन खाचांवर कॅमशाफ्ट आडवा ठेवला आहे. तू तो फिरवतेस, वाकडा आहे का बघतेस, मायक्रोमीटर लावतेस, आणि सगळ्यात शेवटी उजव्या अंगठ्याचं नख प्रत्येक लोबवरून फिरवतेस. ते एकच नख तू वाढवलेलं होतंस. नख अडकलं की माल बाजूला. नाही अडकलं की दांड्याच्या टोकावर पंच, तीन टिंबं, चुलीच्या तीन दगडांसारखी. प्रत्येक तपासणारीची खूण वेगळी होती. तुझ्या वाट्याला ही आली तेव्हा बाकीच्या बायका हसल्या होत्या, "घ्या, हिला इथेही चूलच." तू ते घरी येऊन आम्हाला सांगितलंस आणि स्वतःही हसलीस. पुढे आग्रा रोडवरून चालताना गाड्यांची रांग लागली की म्हणायचीस, "ह्यातल्या एका तरी गाडीत माझी चूल पेटलेली असणार."

त्या सवयीने तू बाजारात लाटणंसुद्धा दुकानदाराच्या फळीवर घरंगळवून बघायचीस. एकदा तो वैतागला, "बाई, पोळ्या लाटायच्यात की रेल्वे चालवायचीय?" तू शांतपणे म्हणालीस, "वाकडं आहे. दुसरं दे." मी लाजून बाजूच्या दुकानाकडे बघत राहिलो होतो.

शाळेच्या एका सुटीत कारखान्यात नेऊन तू मलाही नख फिरवून बघायला दिलंस. तुला बरं वाटावं म्हणून मी अगदी जपून, हळूहळू फिरवलं. तू माझ्या हातावर चापट मारलीस. जोरात नाही, पण सगळ्यांसमोर. "हळू नाही. एका दमात. हळू फिरवलं की नख बघत नाही, मन बघतं. आणि मनाला पासच करायचं असतं." इतकं लांबलचक तू सहसा बोलत नसायचीस, म्हणून ते शब्दाला शब्द लक्षात राहिलं.

परळला तुझ्या काखेतल्या गाठीबद्दल डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे. तू म्हणालीस, "आत्ताच हाताला लागली." डॉक्टर लिहीत राहिले. मी तुझ्या अंगठ्याकडे बघितलं. कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ते नख तू राखलेलं होतंस. केसाएवढी चीर ज्या बोटाला कळायची, त्याला ती गाठ आत्ताच कळली, हे मला पटलं नाही. पण मी काही विचारलं नाही. परतताना तू पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलीस. विक्रोळी आली. मग म्हणालीस, "टॅपेट वाजतायत रे. बघून घे एकदा." त्यानंतर दर खेपेला तेच. माझ्या गाडीतला बारीकसा आवाज तुला ऐकू येत होता.

कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मी बऱ्याच रविवारी गेलो. एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे कॅमशाफ्ट ड्रममध्ये उसासारखे उभे करून ठेवलेले असतात. तो म्हणायचा, "देखो, आराम से देखो. अब इनको पूछता कौन है." मी एकेक दांडा काढून नमुन्याशेजारी धरायचो. कुठे नंबर वेगळा, कुठे गिअर उलट्या अंगाला, कुठे पंपाचा लोबच नाही. नंबर जुळला की मी टोक पुसून बघायचो. मिस्त्रीने ते सांगितलेलं नव्हतं. शेवटी एकावर नंबर बरोबर, गिअर बरोबर, पंपाचा लोबही जागच्या जागी, आणि रुमालाने टोक पुसलं तर तीन टिंबं. मी तिथेच एका इंजिनाच्या सांगाड्यावर बसलो. म्हातारा म्हणाला, "चक्कर आया क्या?" आणि त्याने चहा मागवला. नख फिरवून बघायचं माझ्या लक्षात होतं. पण मी ते केलं नाही. तसाच घेऊन निघालो.

मिस्त्रीने तो रॉकेलने धुतला. खाचांवर ठेवून फिरवला, सरळ होता. मापं भरली. मला वाटलं, जमलं. मग तो तिसऱ्या लोबवर थांबला. "इथे बघा." मोहरीच्या टरफलाएवढा खड्डा होता. तुझ्या हातून निघाला तेव्हा तो नसणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. पुढे गाडीत चालून चालून पडला असणार.

"घासून नाही का निघणार?" मी विचारलं.

"खोल आहे. वरचा कडक थर निघून जाईल, मग आत मऊ लोखंड, दोन महिन्यांत सपाट. तसाच घातला तर पासिंगपुरता चालेल. पण टॅपेट खाणार, चुरा तेलातून बेअरिंगमध्ये जाणार, आणि इंजिन परत माझ्या दारात येणार. तुम्ही बोला, घालू?"

मी दांड्याचं टोक पुसत राहिलो. त्याने टोकाकडे बोट दाखवलं. "ही खूण कसली? कारखान्याची दिसत नाही."

"माझ्या आईची. ती माल तपासायची."

"मग झालं तर. घरात जाणकार माणूस आहे, त्यांनाच विचारा ना."

"ती नाही आता."

त्याने दांड्यावर फडकं टाकलं आणि दुसऱ्या गाडीकडे गेला. बहुतेक मला एकटं सोडण्यासाठी. मी फडकं बाजूला केलं आणि अंगठ्याचं नख एका दमात फिरवलं, तू शिकवलं होतंस तसं. तिसऱ्यावर अडकलं. परत फिरवलं, परत अडकलं. मी त्याला नको म्हणालो. "दुसरा मिळाला तर आणा," तो म्हणाला, पण ते आम्हा दोघांनाही खरं वाटलं नाही.

दुसरा मिळाला नाही. मुदत गेली. काल भंगारवाल्यांनी गाडी घाटकोपरहून दोर लावून ओढत नेली. आत इंजिन नसल्याने तिचं तोंड वर उचललं गेलं होतं. पुढची सीट तशीच होती. ती काढून घ्यावी असं मला वाटलं होतं, पण घरात कुठे ठेवणार, आणि त्या माणसांना कारण काय सांगणार. मिस्त्रीने कॅमशाफ्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तेल लावत राहा, नाहीतर गंजेल." एवढंच काय ते उरलं आहे, आणि त्याचा आता कशालाही उपयोग नाही.

आधी वाटलं होतं, हे पत्र त्याच्याभोवतीच गुंडाळून ठेवावं. पण तेल न लावलेला कागद ओल धरतो, त्याने गंज लवकर चढतो, हे तूच सांगितलेलं. तेव्हा पत्र ड्रॉवरमध्ये राहील.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी चहा उकळत होता तेव्हा मी ओट्यापाशी उभा राहून तिसऱ्या लोबवरून नख फिरवलं. मग चहा गाळायचा सोडून पुन्हा फिरवलं. अगदी हळू फिरवलं तर ते अडकत नाही, आई. तुझा हातही त्या गाठीवरून असाच फिरला असेल. मी हळूच फिरवतो आहे.