खिडकीपुढची लाल पेटी

५ जानेवारी
सकाळी शटर वर केलं तर समोर लोखंडी पेटी! लालभडक, कमरेएवढी, फुटपाथला बोल्ट मारून बसवलेली. सबंध सदाशिव पेठ मोकळी पडली होती, पण नाही — माझ्या थालीपीठाच्या खिडकीपुढेच! पोस्टमन बद्रीनाथ आला. किल्लीने दार उघडून निम्मं टपाल आत ठेवलं. म्हणे, "सगळं ओझं एकदम खांद्यावर नको ना, ताई. आधी निम्मं वाटायचं, मग उरलेलं इथून न्यायचं." छान! ह्यांचा खांदा वाचला, माझा धंदा बसला.

६ जानेवारी
खिचडी निम्मी उरली. घरी तीच खाल्ली. हे म्हणाले, "मीठ कमी आहे."

९ जानेवारी
पोस्टातले साहेब म्हणाले, पेटी आमची, पण फुटपाथ आमचा नाही. महापालिकेतले साहेब म्हणाले, फुटपाथ आमचा, पण पेटी आमची नाही. म्हटलं, मग बोल्ट कोणाचे? हसलं नाही कुणी. दोघांकडेही हरकतीचा अर्ज दिला. 'पादचाऱ्यांचा हक्क' वगैरे घातलं. पादचारी म्हणजे माझी गिऱ्हाइकं, पण ते कशाला लिहा!

२१ जानेवारी
क्लासची पोरं आली. एकाने डिश सरळ पेटीवर ठेवली. "काकू, टेबल भारी केलंत!" ओरडले — अरे, सरकारी आहे ते! ढिम्म हलली नाहीत. आणखी दोन थालीपीठं मागवली.

२ फेब्रुवारी
पीठ दुपारीच संपलं! पोरंपोरी, बँकवाले, सगळे पेटीभोवती. पेटी पुसायला वेगळं फडकं काढलंय. बद्रीनाथ दार उघडायला आला तर त्यालाच म्हणतात, "काका, हळू, दही सांडेल." तो बिचारा थांबतो. आज सांगत होता, टपालाला लोणच्याचा वास येतो म्हणून कुणीतरी तक्रार केली. काय एकेक माणसं! रिकामटेकडी मेली.

१० फेब्रुवारी
पोस्टातल्या साहेबांचा फोन. "अभिनंदन! तुमची हरकत मान्य झाली. पेटी हलवतोय."
म्हटलं, अहो राहू द्या, माझी काही हरकत नाही!
"असं कसं? हरकत तर तुमचीच आहे." वर म्हणाले, तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत.
फोन ठेवला आणि रडू आलं. लोखंडासाठी! हे म्हणाले, "तू अर्ज लिहितेसच फार चांगला." माणूस कुठल्या वेळी कौतुक करेल, नेम नाही.

१३ फेब्रुवारी
नेली. लांब नाही — रस्त्यापलीकडे, चहावाल्या सलिलच्या अमृततुल्यासमोर. पोरं हातात गरम डिश धरून तिथल्या तिथे नाचत होती. दुपारनंतर फिरकलीच नाहीत.

१४ फेब्रुवारी
सलिल आला, तणतणत. "काकू, पेटीमुळे गिऱ्हाईक अडतंय हो. तुम्हाला अनुभव आहे, एक अर्ज लिहून देता?"
दिला! इतका कडक अर्ज जन्मात लिहिला नव्हता. खाली पर्यायी जागाही सुचवली.