वाघबारशीचा वाघ

बाबा, माझी कादंबरी छापून आली. त्यावर आडनाव लावलंय ते आपलं जुनं, पेठकडचं. नाशिकला नोकरी लागल्यावर तुम्ही बदलून घेतलेलं. मुद्दाम लावलंय. कॉलनीच्या वाचनालयात मी स्वतः एक प्रत नेऊन दिली. तुमचे ऑफिसातले सोबती अजून तिथे पेपर वाचायला येतात.

त्या वर्षी आत्या नव्या नागलीची पिशवी घेऊन एसटीने आली होती. स्वयंपाकघरात तिने पहिली भाकरी केली, तुकडा मोडून कणसरीच्या, म्हणजे धान्यदेवीच्या नावाने बाजूला ठेवला आणि मला म्हणाली, "पहिला घास तिचा, मंग आपला." बाहेर तुमचे साहेब बसलेत. हात धुवायला आत येतात, विचारतात, "या कोण?" आणि तुम्ही, तिचा सख्खा भाऊ, हसत सांगता, "गावाकडून कामाला आणलीय." साहेब गेल्यावर तुम्ही तो तुकडा उचलून कचऱ्यात टाकलात. "हे रानटीपण माझ्या घरात नको." आत्या न जेवता परत गेली. तुमच्या मयतीलाही आली नाही. तुम्ही जे झाकताय ते चव्हाट्यावर मांडायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं होतं. कसं, ते कळत नव्हतं.

तुम्ही गेल्यावर मी पेठला जायला लागले. कणसरीची गाणी, शिवेवरच्या वाघदेवाचा नैवेद्य, जे जे तुम्ही तोडलंत ते आत्याच्या ओट्यावर बसून विचारत राहिले. घरी टेबलाशी एक ओळ सुचत नसे. तिथे एकेका रीतीतून माणसं उठून बोलायला लागली. एकदा वाघबारशीचं निघालं. त्या दिवशी गुराख्यांतला एक जण वाघ होतो आणि बाकीचे त्याला शिवेपार पिटाळतात. आत्या म्हणाली, "दरसाल तुझा बापच वाघ व्हायचा. असा गुरगुरं, का म्हाताऱ्या बी दारं लावून घेत. लय हौस त्याला!"

मला हवं ते सापडलं. कादंबरीतल्या कडक इस्त्रीच्या कारकुनाला मी अंगभर राख फासली, चार पायांवर आणलं आणि बघायला समोर साहेबाला खुर्ची टाकून बसवलं. आत्याला ते वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून हसली, मग म्हणाली, "पिटाळ त्याला. लांब पिटाळ."

तसंच लिहायला बसले होते. पण तुम्ही इतके देखणे धावलात, बाबा, की मी मागे लागलेल्या गुराखी पोरांना दमवलं आणि तुम्हाला रानात निसटू दिलं. त्या शेवटच्या पानाचं आत्याला अजून सांगितलेलं नाही.