कानात खिळा असलेली तोफ

अण्णा, तुमच्या तोफेचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, त्या दिवशी मी कचेरीतल्या बाबूवर इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. माझी मागणी काय होती? वीतभर लांबीच्या एका तोफेच्या कानातला खिळा काढायचा, ती तुमच्या खदानीत एकदा, फक्त एकदा उडवायची, आणि पुसून कपाटात ठेवायची. बाबूने अर्ज उलटापालटा केला आणि विचारलं, "ताई, वस्तू शोभेची हाय का चालू?" मी म्हटलं, चालू होती, आता तिच्या कानात खिळा आहे. कान म्हणजे तोफेच्या मागच्या अंगाचं, बत्ती आत पोचवणारं छिद्र, हेही मलाच सांगावं लागलं. "मंग शोभेचीच की. शोभेच्या वस्तूला परवानगी कशाला?" खिळा काढायला हवी आहे, मी म्हटलं. "खिळा काढला की ती चालू झाली. चालू झाली की जप्त करावी लागंल." एवढं बोलून त्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "च्या घ्या. परवाचं भाषण ऐकल्तं तुमचं. लई भारी बोलता."

हसू नका. ज्या गावात लग्नाच्या वरातीत भिंती हादरवणारे डीजे चालतात, निवडणूक जिंकली की रस्त्याच्या मधोमध फटाक्यांच्या माळा वाजतात आणि कोणी कोणाला काही विचारत नाही, त्या गावात एका टर्नरने हाताने घडवलेली, रुमालात गुंडाळता येईल एवढी तोफ म्हणे शांततेला धोका! हे मी व्यासपीठावर सांगितलं तर पाच मिनिटं टाळ्या थांबणार नाहीत. कचेरीत मात्र पंखा फिरत राहिला आणि अर्ज परत आला.

तुम्ही सळयांच्या कारखान्यात लेथवर होतात. पाळी संपली की मालकाच्या परवानगीने तासभर थांबायचात. पंपाचा झिजलेला गनमेटलचा तुकडा, भंगारातला पितळी दांडा, यांतून तुमच्या तोफा निघायच्या. बाहेरून वेलबुट्टी कमी, पण आतली नळी अशी सरळ की डोळा लावला तर पलीकडचा उजेड नाण्यासारखा गोल दिसे. घरी यायचात तेव्हा केसांत, बाह्यांत पितळेचा चमकता कीस असायचा. आई परातीतून एक-एक कण वेचून काढायची आणि म्हणायची, "भाकरीत पितळ सापडलं ना, तर पहिला गोळा तुमचाच उडवीन." तुम्ही गंभीरपणे विचारायचात, "कंच्या तोफेतून? तीन नंबरची बराबर हाय बघ माझ्या वजनाला." आई लाटणं उगारायची. मला आजही त्या स्वयंपाकघरात तेलाचा आणि तापलेल्या धातूचा वास येतो.

तोफेची दारू मात्र तुम्ही कधी घरात येऊ दिली नाही. जत्रेत उखळी, म्हणजे दारू ठासलेल्या लोखंडी नळ्यांचे बार, उडवणारा घनसावंगीकडचा एक परवानेवाला तुमचा मित्र होता. तो ठरल्या रविवारी बदनापूरच्या अलीकडच्या बंद पडलेल्या खदानीत स्वतःच्या डब्यातून दारू घेऊन यायचा. मी तेव्हा कॉलेजात, वक्तृत्व स्पर्धांची ढाल दर वर्षी माझीच. तुमच्याबरोबर यायचे ते खदानीच्या भिंतीसाठी. तिच्यासमोर उभं राहून बोललं की शब्द दुप्पट होऊन परत यायचा. एकीकडे मी तावातावाने समाज बदलते आहे आणि दुसरीकडे तुम्ही उकिडवे बसून नळीत ओलं फडकं फिरवताय, मग कोरडं. "बाजूला ये, माय. तोफेच्या पुढं तर न्हाईच, मागं बी न्हाई." लांब काठीच्या टोकाला पेटलेली वात, क्षणभर काहीच नाही, आणि मग तो आवाज, एवढ्याशा जिवाला न शोभणारा. तोफ मागे सरकायची. ती किती सरकली ते तुम्ही खडूने फळीवर आखायचात आणि मित्राकडे बघून मान हलवायचात. बस, एवढाच तुमचा उत्सव.

तो मी मोडला. पाण्यासाठी नवीन जालन्यात मोठी सभा झाली, तरुणांतर्फे मला बोलायला दिलं. गर्दी माझ्या हातात होती आणि मला वाक्य हवं होतं. मी म्हटलं, "आमच्या घरात अकरा तोफा आहेत, आणि त्या शोभेच्या नाहीत!" मैदान उसळलं. चार दिवसांनी दारात पोलिसांची जीप उभी. साहेब सभ्य होते. त्यांनी अकरा तोफा ओळीने मांडून पाहिल्या, एक हातात घेऊन "सुंदर आहे हो" असंही म्हणाले, आणि दोन वाटा सांगितल्या. जप्ती, नाहीतर कायमच्या निकामी करायच्या. मी कायद्याची कलमं, स्वातंत्र्य, इतिहास, सगळं एका दमात बोलू लागले. कोर्टात जाऊ म्हणाले. तुम्ही मात्र छोटी हातोडी काढलीत, पोलादी खिळे काढलेत आणि साहेबांच्या देखत पहिल्या तोफेच्या कानात खिळा ठोकायला बसलात. मी बोलतच होते. तेव्हा वर न बघता म्हणालात, "सभेत बोलल्तीस ते मी मागं उभं राहून ऐकलं. बराबर बोलल्तीस. आता गप बस माय जरा, हात हलून राह्यला माझा."

तुमचा हात हललेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मला राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. तुम्ही त्यानंतरही दोन तोफा केल्यात. तीच सरळ नळी, तेच पॉलिश, पण कानच पाडला नाहीत. मी भांडले. म्हटलं, जी उडणारच नाही तिची नळी केसाइतकी अचूक कशाला? "तोफ तर झाली ना," तुम्ही म्हणालात. अण्णा, असं नसतं! एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंत. तुझ्या एका वाक्यापायी माझे रविवार गेले, एवढं म्हटलं असतंत तर मी माफी मागितली असती, निदान वाद घातला असता. तुमच्या त्या गप्पपणाशी मला कधी वाद घालताच आला नाही, आणि मग तुम्ही गेलात.

म्हणून हे अर्ज. चौथ्या वेळी मात्र वेगळं घडलं. कचेरीत नवीन बाई अधिकारी आल्या आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. उखळीवाल्याचा परवाना आता त्याच्या मुलाकडे आहे. त्याच्या देखरेखीखाली, ठरल्या दिवशी, एका तोफेचा खिळा काढून एकदा उडवायला हरकत नाही, म्हणाल्या. फक्त एक कागद भरा. त्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "उखळीचं माप मला ठावं हाय, आत्या. अण्णांच्या तोफंचं त्यांनलाच. तुम्ही तर हर टायमाला संग होत्या की, तुम्हीच भरा." कागदावर पहिलाच रकाना होता: दारू किती भरणार. दुसरा: भरणाऱ्यास हे काम कोणी शिकवले.

किल्ल्यांवरच्या तोफांवर मी कागद न घेता तासभर बोलू शकते. तुमच्या तोफेला किती दारू लागते ते मला माहीत नाही. तुम्ही हाक मारली होतीत, एकदा नाही, कितीदा तरी: "हिकडं ये, हे माप बघून घे." मी हात वर करून थांबा म्हणायचे, कारण भिंतीकडून माझं वाक्य परत येत असायचं.

दुसऱ्या रकान्यात मी "वडिलांनी" असं लिहिलं आणि कागद देऊन आले. पहिल्यात एक आकडाही लिहिला होता, मनाचा. रात्रभर झोप नाही. सकाळी जाऊन अर्ज मागे घेतला. बाई म्हणाल्या, "अहो, आता तर होत आलं होतं."

घरी सांगितलं, कचेरीने नाकारला. शनिवारी सभा आहे. तिथेही हेच सांगणार आहे, अण्णा, भाषण लिहून तयार आहे.