पेठ घाटातले सुलटे दगड

३ फेब्रुवारी
लिफ्ट बंद. गुडघा बंद. गंगापूर रोडच्या चौथ्या मजल्यावर मी, ह्यांचा खोकला आणि लॅपटॉप. डॉक्टर म्हणतात, जिना नको. ठीक आहे. भूगर्भशास्त्र शिकवताना राहून गेलं ते आता करणार. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा दगडात गोठते. पेठ घाटातले माझे जुने नमुने अफरीनने पुण्याच्या लॅबमध्ये मोजून आकडे पाठवलेत. (माझी विद्यार्थिनी. आता तिथे प्रोफेसर.) दिशा मी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहून काढणार. आमच्या कॉलेजातल्या ललिताने छापलं होतं की तो थर उलट, म्हणजे तेव्हा उत्तर-दक्षिण अदलाबदल झालेली. मार्चमध्ये पुण्याच्या सेमिनारला उभी राहून तिला खोटं पाडणार. तोवर जिना उतरेनच.

५ फेब्रुवारी, सकाळ
प्रोग्रॅम चालेना. एक कंस राहिला म्हणे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय. विरामचिन्हांवरून मला कुणी बोलायचं नाही.

९ फेब्रुवारी
चालला! थर सुलट!! आलेखातले काही ठिपके रेषेवर बसत नाहीत. अशा मुलांना मी वर्गाबाहेर उभं करत असे. डिलीट.
हे म्हणाले, अगं, सगळेच काढलेस तर रेषा कशातून जाणार? बँकेतून रिटायर झालेल्या माणसाने चुंबकत्वावर बोलू नये.

१४ फेब्रुवारी
अफरीनचा फोन. मॅडम, दगड टप्प्याटप्प्याने तापवूया, नंतर चिकटलेलं चुंबकत्व गेलं की आतलं जुनं दिसेल. म्हटलं, माझ्या दगडांना काही चिकटलेलं नाही. म्हणाली, तुम्हीच शिकवलंत ना मॅडम. शिकवलं ते परीक्षेपुरतं. तरी हो म्हटलं, तिच्या समाधानासाठी.
लिफ्टवाला येऊन, मान हलवून गेला.

२० फेब्रुवारी
इरकली साडी इस्त्रीला दिली. भाषणाचं पहिलं वाक्य तयार: ‘दुर्दैवाने ललिताताई चुकल्या.’
‘दुर्दैवाने’ खोडलं.

२६ फेब्रुवारी
अफरीन. तापवल्यावर दिशा उलट निघाली. सगळ्याच नमुन्यांची. मग हळूच विचारलं, मॅडम, घरी नमुने कसे ठेवले होते? म्हटलं, व्यवस्थित. गॅलरीतल्या फळीवर, उत्तरेचा बाण काढलेली वरची बाजू खाली करून. नाहीतर कलाबाई ओल्या फडक्याने बाण पुसून टाकते.
मग म्हणाली, मॅडम, तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. त्या काळची सुलट दिशा तिरपी वर बघते, आजची तिरपी खाली. तुमचे दगड इतकी वर्षं डोक्यावर उभे होते. त्यांना आजचीच उत्तर चिकटली, पण दगड सरळ केल्यावर ती वर बघायला लागली. म्हणून ती जुनी सुलट वाटली.
म्हणजे दगडांनी मला गॅलरीची दिशा सांगितली.
ह्यांना कळलंय. खोकल्यात हसणं लपवतात.

४ मार्च
सेमिनारमध्ये माझी स्लाइड घेतली आहे. विषय: नमुने साठवताना होणाऱ्या चुका. अफरीन म्हणाली, नाव नाही घालत मॅडम, फक्त ‘एक घर, नाशिक’. सत्राच्या अध्यक्ष ललिता.
मला घरबसल्या बघायला लिंक पाठवली आहे. खाली सूचना आहे: माइक बंद ठेवावा.